बापाच्या जागी

खोटं बोलायचं ठरलं, तेव्हा घरात कधी नव्हे ते सगळ्यांचं एकमत झालं. एरवी दुकानाच्या शटरला कुठला रंग द्यायचा यावरून आठवडाभर धुसफुसणारं हे घर. पण धाकट्याला त्या दिवशी ताप होता असं वडिलांनी, म्हणजे दादांनी, नुसतं म्हटलं आणि आईने लगेच तापाला खोकला जोडून दिला. धाकट्याने आपल्याला झालेलं दुखणं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.

थोरलीला मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिला विचारायची या घरात पद्धतच नव्हती. ती मागच्या खोलीत काच कापत उभी होती आणि उघड्या दारातून सगळं तिच्या कानावर येत होतं. तिने काचेवर पट्टी धरली, हिऱ्याने एक रेघ ओढली, खालून हलकी टिचकी मारली आणि काचेचे दोन सरळ तुकडे झाले. राग आला की तिचा हात उलट जास्तच सरळ चालायचा. आज सकाळपासून तिच्या हातून एकही काच वाया गेली नव्हती.

प्रकरण कशावरून पेटलं ते एव्हाना गिऱ्हाइकांनासुद्धा ठाऊक झालं होतं, कारण दादांना हळू बोलता येत नसे. धाकट्याची बायको गेल्या वर्षी मुलीला घेऊन वेगळी राहायला गेली. कोर्टाने मुलीचा ताबा तूर्त आईकडे दिला आणि बापाने दर शनिवारी दिवसभर मुलीला आपल्याजवळ ठेवावं असा आदेश काढला. बापाचं एवढ्यावर समाधान नव्हतं. मुलगी सुट्टीत आपल्याकडे राहायलाच यावी, असा त्याने अर्ज केला. मग कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी बाप आणि लेक एकत्र कसे असतात ते बघायचं ठरवलं. एक खोली, थोडी खेळणी, बापाने मुलीशी खेळायचं आणि बाईंनी कोपऱ्यात बसून बघायचं. तर त्या भेटीला या शहाण्या माणसांनी बापाच्या जागी आत्याला पाठवलं.

यात आपलं काही चुकलं असं दादांना अजूनही वाटत नव्हतं. काचेच्या धंद्यात त्यांनी जन्मभर एकच नियम पाळला होता, ज्याचे हात रिकामे तो जाईल. माप घ्यायला धाकटा गेला तर काच बसवायला थोरली जायची, आणि तक्रार आलीच तर दादा स्वतः जाऊन गिऱ्हाइकावर आवाज चढवून यायचे. माणसाला खिडकीत काच हवी असते, ती कोणी बसवली याच्याशी त्याला काय करायचंय. त्या सकाळी धाकटा एका सलूनमध्ये आरसा बसवायला गेला होता. थोरली मोकळी होती, शिवाय ती बोलायला चांगली. दादांनी तिला बरे कपडे घालून जायला सांगितलं आणि ती गेली. समुपदेशक बाईंनी दारातच विचारलं, "वडील कुठे आहेत?" थोरलीने अगदी सहज उत्तर दिलं, "तो कामावर आहे, मी आलेय ना."

ते वाक्य आता सूनबाईच्या अर्जात जसंच्या तसं छापलेलं होतं. सुट्टीत राहायला पाठवणं तर सोडाच, शनिवारसुद्धा बंद करा, असं सूनबाईचं म्हणणं होतं. भेटायचंच असेल तर कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, कोणाच्या तरी नजरेखाली, तासभर भेटा. कारण शनिवारी बाप नसतोच.

धाकट्याच्या वकीलबाई अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून आत आल्या. मागच्या वेळी ही सगळी मंडळी त्यांच्या ऑफिसात एकदम गेली होती आणि एकदम बोलली होती. बाहेर बसलेल्या दुसऱ्या पक्षकारांना फुकटची करमणूक झाली. तेव्हापासून वकीलबाईंनी नियम केला होता, मी ज्याला विचारीन त्यानेच बोलायचं. दादांना हा नियम मनापासून मान्य होता. तो आपल्यालाही लागू आहे, एवढंच त्यांना पटलेलं नव्हतं.

"त्या दिवशी नेमकं काय झालं?" वकीलबाईंनी धाकट्याला विचारलं.

"त्याला ताप होता," दादा म्हणाले.

"खोकलाही," आई म्हणाली.

"मी यांना विचारलं."

धाकट्याने कप खाली ठेवला. "ताप होता," तो कपाकडे बघत म्हणाला.

"किती होता?"

धाकट्याने आईकडे बघितलं.

वकीलबाईंनी पेनाला टोपण घातलं. "परवा आपल्याला कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थांसमोर बसायचंय. समोरचे वकील पहिलं हेच विचारतील. आणि लगेच पुढे विचारतील की मग सलूनमध्ये आरसा कोणी बसवला. सलूनवाला काय सांगेल?"

"सलूनवाला आपलाच माणूस आहे," दादा म्हणाले. "डॉक्टरही आपलाच माणूस आहे. संध्याकाळपर्यंत त्याचा कागद आणून देतो. आणि थोरली सांगेल की तिने त्याला अंथरुणात बघितलं आणि मगच घरातून निघाली."

आपण परवा काय बोलणार आहोत ते थोरलीला अशा रीतीने कळलं. तिने हिरा टेबलावर ठेवला.

"खोटं शपथपत्र मी करणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तसं करायचं असेल तर दुसरा वकील बघा. कागद आजच्या आज परत देते."

"म्हणजे तुम्ही आमच्या वकील आहात का तिच्या?"

"तुमच्या मुलाची वकील आहे, म्हणून तर सांगतेय. खोटं उघडं पडलं तर शनिवार जातीलच. पण नंतर हे खरं बोलले तरी तिथे कोणी ऐकून घेणार नाही."

दादांचा आवाज आता रस्त्यापर्यंत पोचला असावा. "आम्ही पोरीला वाऱ्यावर सोडलं का? दर शनिवारी घरातलं कोणी ना कोणी गेलंय. तिला खाऊपिऊ घातलंय, वेळेवर नेऊन सोडलंय. घरातलं एक माणूस गेलं म्हणजे सगळं घर गेलं. एवढं साधं तुमच्या कोर्टाला कळत नाही?"

"आदेशात घर लिहिलेलं नाही दादा. बाप लिहिलंय."

दादांनी शटरकडे बघत चहाचा घोट घेतला. तेवढ्यात आई म्हणाली, "मरू दे ते. थोरली सांगेल ना तापाचं. ती कधी नाही म्हणालीय?"

"आज म्हणतेय," थोरली दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात अजून कातडी मोजे होते. "मी असलं काही सांगणार नाही."

"अगं, एक वाक्य बोलायला तुझं काय जातंय? भाऊ आहे तुझा."

"एक वाक्य?" थोरली म्हणाली. "शाळेत याने खिडकी फोडली तेव्हा मुख्याध्यापकांसमोर कोण उभं राहिलं? याची कामं राहिली की गिऱ्हाइकाच्या शिव्या कोण खातं? याच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्रभर कोण बसलं होतं, हा का मी? शनिवारी पोरीला घ्यायला तिच्या फाटकाशी मी. समुपदेशक बाईंकडे मी. आणि आता याचा तापही मीच सांगायचा?"

तिने आवाज चढवला नव्हता, पण मोजे ओढून काढून तिने असे आपटले की चहाचे कप खडखडले. आईने तिच्याकडे अशी नजर टाकली की जणू घरातलं कपाटच बोलायला लागलंय.

धाकट्याला हे सहन झालं नाही. वर्षभर मान खाली घालून बसलेला माणूस ताडकन उठला. "तुला कोणी जबरदस्ती केली होती ताई? तू नाही म्हणाली असतीस तर मी गेलो असतो. पण तू कशाला नाही म्हणशील. तुला तेच हवं होतं. पोरगी तुझ्या मागेमागे करते, आत्या आत्या करते, त्याची मजा वाटते तुला. तुझा स्वतःचा मुलगा शिकायला लांब निघून गेला, आता माझी मुलगी हवीय तुला."

आईने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

यातलं निम्मं खरं होतं आणि म्हणूनच थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवार तिला आवडायचे. पोरीला घरात सगळे खारू म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे आणि गालात काहीतरी कोंबलेलं असायचं. पण आत्याजवळ ती तासन्‌तास टिकायची. थोरली तिच्यासाठी रंगीत काचेचे तुकडे कडा घासून गुळगुळीत करून ठेवायची आणि खारू ते उजेडात धरून टेबलावर निळे, हिरवे डाग पाडत बसायची. शाळेतल्या भांडणांपासून आईच्या नव्या ऑफिसातल्या लिफ्टपर्यंत सगळं ती आत्याला सांगायची. तो एक दिवस थोरलीला आठवडाभर पुरायचा. पण ते तिने मागून घेतलेलं नव्हतं. ते तिच्या पदरात टाकून हा माणूस निघून गेला होता, आणि आता वर तिलाच चोर ठरवत होता.

"सलूनवाला मला परवा भेटला," ती म्हणाली. "त्याला आरशाची काही घाई नव्हती. तूच फोन करून त्याला सांगितलंस की आजच येतो. हो ना?"

धाकटा बसला.

"काय रे?" दादा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मला तर म्हणालास सलूनवाला खोळंबलाय."

"मला नव्हतं जायचं तिथे." धाकटा दोन्ही तळहात गुडघ्यांवर घासत राहिला. "मी गेलो तर काय दिसलं असतं त्या बाईंना? ती माझ्याशी बोलतच नाही. पहिल्या शनिवारी मी तिला बागेत घेऊन गेलो होतो. एकेका प्रश्नाला हो, नाही, माहीत नाही. आणि दर थोड्या वेळाने, आत्या कधी येणार. पुढच्या शनिवारी मी कामाला गेलो आणि ताईला पाठवलं. मग त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिला बरं वाटत होतं, ताईला बरं वाटत होतं. मी मध्ये कशाला कडमडू?"

"मग सुट्टीत तिला इथे राहायला बोलावण्याचा अर्ज कशाला केलास?" थोरलीने विचारलं. "तेव्हाही मलाच सांभाळायला ठेवणार होतास?"

आईने धाकट्याच्या पाठीवर ठेवलेला हात काढून घेतला. मघापासून ती त्याच्या बाजूने होती, आता ती कोणाच्या बाजूने आहे ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "मी त्या पोरीला काय काय बोलले रे," ती पुटपुटली. ती सुनेबद्दल बोलत होती.

वकीलबाईंनी पेन पुन्हा उघडलं. "आत्ता जे बोललात ना, तेच परवा बोला. घाबरलो होतो म्हणून गेलो नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी खोट्या तापापेक्षा बरं. सुट्टीचा अर्ज आपण सध्या मागे घेऊ. मुलीला रात्री राहायला पाठवणं ही पुढची पायरी आहे, तुम्ही अजून पहिलीवरही उभे नाही आहात. आपण एवढंच मागू की शनिवार चालू राहावेत, तुम्ही एकटे जाल, आणि काही महिन्यांनी पुन्हा बघावं."

"एकटा म्हणजे?" दादांनी विचारलं. "आम्ही आजी-आजोबा रद्द?"

"रद्द नाही. रांगेत मागे."

दादांना आयुष्यात कोणी रांगेत मागे उभं केलं नव्हतं. त्यांनी वकीलबाईंना चहाही विचारला नाही.

मध्यस्थांच्या खोलीत एक लांबट टेबल होतं आणि खिडकीची एक काच तडकलेली होती. आत फक्त आईबाप आणि त्यांचे वकील बसणार होते. तरी दादा सोबत आलेच आणि बाहेर बाकावर हाताची घडी घालून बसले, कोणी आत बोलावलं तर तयार असावं म्हणून. त्यांना कोणी बोलावलं नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि बोलावणं आलं ते थोरलीला.

धाकट्याचे डोळे लाल झाले होते. म्हणजे त्याने सांगितलं होतं. समोर सूनबाई बसली होती. वर्षभरात थोरलीने तिला फक्त फाटकाशी, गाडीच्या काचेआड बघितलं होतं. ती बारीक झाली होती.

मध्यस्थ वयस्कर होते. त्यांनी थोरलीला खुर्ची दाखवली. "मुलगी तुमच्याबद्दल फार बोलते म्हणून तुम्हाला बोलावलं. वडिलांनी जे सांगितलं त्यावर तुम्हाला काही म्हणायचंय?"

थोरलीला म्हणायचं काही नव्हतं, पण वर्षभर साचलेलं होतं. ती सरळ सुनेकडे वळली. "एका फोनवर विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं की तो येत नाही. अर्ज कशाला? माझं वाक्य कागदावर छापून सगळ्यांना दाखवलंस. मी तुझं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही," सूनबाई म्हणाली. "तोच तर त्रास आहे ताई."

"म्हणजे?"

"मी तापाने फणफणले होते, तेव्हा औषध घेऊन तुम्ही आलात. माझे बाबा गेले, तेव्हा माझ्याजवळ तुम्ही बसलात. आमचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी समजूत काढायलाही तुम्हीच. मी नवऱ्यावर चिडायचे आणि दार उघडलं की समोर तुम्ही, हातात डबा घेऊन. तुमच्यावर चिडणार कशी? तुम्ही वाईट असतात तर मी त्याला कधीच वठणीवर आणलं असतं." ती टेबलावर पुढे झुकली. "त्याला कधी यावंच लागलं नाही. तुम्ही येऊ दिलं नाहीत त्याला."

"मी येऊ दिलं नाही?" थोरली अर्धवट उठली. "मी माझी कामं टाकून धावत आले ते चुकलं? मी आले नसते तर तू त्या तापात एकटी पडली असतीस."

"पडले असते. आणि मग तो आला असता, किंवा आला नसता. जे काय ते मला तेव्हाच कळलं असतं. पोर व्हायच्या आधी."

वकीलबाईंनी थोरलीच्या कोपराला हात लावला. थोरली खाली बसली. तिला या बाईच्या एक ठेवून द्यावीशी वाटत होती. आणि ही बोलतेय ते एक अक्षर खोटं नाही, हेही तिला दिसत होतं. त्या दोन्हींचं काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती नुसती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

मग सुनेच्या वकिलांनी अट सांगितली. शनिवार चालू राहतील. सकाळी फाटकाशी बाप एकटा येईल. काही महिने त्या दिवशी घरातलं दुसरं कोणी मुलीला भेटणार नाही, फोनवरही बोलणार नाही. बाप एकदाही चुकला तर भेटी कोर्टातल्या खोलीत. आणि निभावलं तर सुट्टीचा विचार.

"दुसरं कोणी नाही म्हणजे मी नाही," थोरली म्हणाली. "सरळ बोल ना."

"हो. तुम्ही नाही," सूनबाई म्हणाली. "आजी-आजोबांना ती आठवड्याभरात विसरते. तुम्ही समोर असलात की ती त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही."

मध्यस्थांनी चष्मा काढला. "अट दोघांच्या संमतीनेच होईल. पण तुमच्या भरवशावरच ती टिकणार आहे, म्हणून तुम्हाला विचारतोय. तुम्ही तयार आहात का?"

थोरलीने भावाकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, लहानपणी मुख्याध्यापकांच्या दारात बघायचा तसा. नाही म्हण, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ती नाही म्हणाली की सगळं मोडेल, आणि मोडलं ते ताईमुळे, असं म्हणायला तो मोकळा. तिला त्याचा इतका संताप आला की तिने लगेच मान हलवली.

"तयार आहे. पण खारूला काय सांगणार? आत्या का येत नाही विचारील ती."

"सांगीन, आत्या कामावर आहे," सूनबाई म्हणाली. "बाबांबद्दल तुम्ही तिला वर्षभर तेच सांगितलंत."

शनिवारी सकाळी धाकटा दोनदा शर्ट बदलून निघून गेला. जाताना त्याने ताईकडे बघायचं टाळलं. आईने त्याला डबा दिला नाही. द्यायचा नाही असं तिने ठरवलंच होतं, आणि मग ती दिवसभर त्या डब्याबद्दल बोलत राहिली.

दुकानात नेमकी त्याच दिवशी झुंबड उडाली. रस्त्यापलीकडच्या शाळेची दोन तावदानं फुटली होती, एका बाईंना फोटोफ्रेमची काच आत्ताच्या आत्ता हवी होती. दादांनी सवयीने धाकट्याला हाक मारली, मग जीभ चावली आणि स्वतःच टेप घेऊन शाळेत गेले. परत आले ते धापा टाकत. "आठवडाभराचं काम एकट्याने ओढतोय," ते म्हणाले. थोरलीने फोटोफ्रेमची काच कापायला घेतली.

फोन वाजला. धाकट्याचा होता.

"ताई, ती बोलत नाहीये गं." तो दबक्या आवाजात बोलत होता. "बागेत आलोय. झोपाळा नको, घसरगुंडी नको. बाकावर बसलीय नुसती. तुझंच विचारतेय. एकदा, एकच मिनिट बोल ना तिच्याशी. कोणाला कळणार आहे?"

मागून खारूचा आवाज आला. "आत्या आहे? बाबा, आत्या आहे का? मला दे ना."

थोरलीने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला. त्या आवाजासाठी तिने दुकान विकलं असतं.

"बाकावर काय करतेय ती?" तिने विचारलं.

"काही नाही. बुटाने माती उकरतेय."

"मग तूही उकर."

"ताई, असं काय करतेस..."

तिने फोन बंद करून टेबलावर ठेवला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला. दादा आतून म्हणाले, "उचल ना गं. पोरगीच असेल."

"म्हणूनच नाही उचलत."

"अगं, रडत असेल ती."

"रडू दे. तिचा बाप आहे तिथे."

फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला आणि पुन्हा थांबला. थोरली फ्रेमची काच पुसत होती. एकदा पुसली, मग दुसऱ्यांदा, मग पुन्हा. त्या बाई दोनदा म्हणाल्या की स्वच्छ झालीय, द्या आता. दुपार झाली. दादा जेवून खुर्चीत डुलक्या घेऊन उठले. आईने दोनदा विचारलं, फोन आला का. फोन आला नव्हता. तो थांबला होता तो थांबलाच होता.

थोरलीने तो उचलून बघितला, बिघडला तर नाही ना म्हणून. चांगला चालू होता. म्हणजे बागेत कुठेतरी, त्या बाकावर किंवा बाकाखाली, ती दोघं तिच्यावाचून काहीतरी करत बसली होती. इतका वेळ. आपल्याला बरं वाटायला हवं, हे तिला कळत होतं. याचसाठी ती त्या खोलीत हो म्हणाली होती.

"काय गं?" दादांनी विचारलं. "काही झालं का?"

"काही नाही. जमलं वाटतं त्यांचं," ती म्हणाली, आणि ते अशा काही आवाजात म्हणाली की दादांनी खुर्ची मागे सरकवली आणि पुन्हा तिला काही विचारलं नाही.